तंबाखूच्या पानातली चिठ्ठी



आजच्या गप्पांत एक रोग आहे आणि एक बाई आहे. रोगापासून सुरुवात करू, कारण तो तुमच्या पाहण्यातला असेल.

टोमॅटोच्या, मिरचीच्या किंवा तंबाखूच्या पानांवर कधीकधी गडद हिरवे आणि फिकट पिवळे डाग दिसतात. पानाला कुणी ठिगळं लावल्यासारखी दिसतात. मग पान आक्रसतं, रोप खुरटतं, फळ बारीक राहतं. कृषी सहायक याला मोझॅक म्हणतात. हा रोग बऱ्याच वेगवेगळ्या विषाणूंमुळे होतो. काही विषाणू पांढऱ्या माशीबरोबर येतात, काही माव्याबरोबर येतात. पण त्यांतला एक असा आहे की त्याला माशी लागत नाही की मावा लागत नाही. तो आपल्या हातावर बसून एका रोपावरून दुसऱ्या रोपावर जातो. त्याचं नाव तंबाखू मोझॅक विषाणू. वाळलेल्या तंबाखूत तो वर्षानुवर्षं तग धरतो. म्हणून तंबाखू मळलेला हात तसाच टोमॅटोच्या रोपांना लावला, तर रोपांना रोग लागू शकतो.

आता बघा, पान सुकलं, चुरा झाला, पुडीत बांधलं गेलं, तरी हा विषाणू टिकतो. कसा टिकतो? त्याच्या आत काय असतं आणि ते कसं बसवलेलं असतं? हे ज्या बाईंनी शोधून काढलं, त्यांचं नाव रोझालिंड फ्रँकलिन. त्या लंडनच्या. त्यांना जाऊन आता साठ वर्षांच्या वर झाली.

तुमच्या घरात बारावीला शास्त्र शिकणारी मुलगी असेल तर तिने हे नाव ऐकलेलं असेल. ती सांगेल, डीएनएचा प्रसिद्ध फोटो यांच्या प्रयोगशाळेतला. तो त्यांच्या परस्पर दुसऱ्यांनी पाहिला, आणि नोबेल पारितोषिक मिळालं पुरुषांना. ती गोष्ट खरी आहे आणि आम्ही ती पुढे सांगणार आहोत. पण लंडनच्या दफनभूमीत रोझालिंडबाईंच्या थडग्यावर जो मजकूर कोरलाय, त्यात डीएनएचा शब्दही नाही. तिथे एवढंच म्हटलंय की त्या शास्त्रज्ञ होत्या आणि विषाणूंवरच्या त्यांच्या संशोधनाचा माणसांना कायम उपयोग होत राहील. घरच्यांना त्यांची ओळख विषाणूंच्या कामाची सांगाविशी वाटली. ते काम नेमकं काय होतं, ते आज बघू.

त्याआधी थोडा मागचा इतिहास. १८८६ साली हॉलंडमध्ये अॅडॉल्फ मायर नावाच्या शास्त्रज्ञांनी रोगट तंबाखूच्या पानाचा रस काढून निरोगी झाडाला लावला. तेही झाड आजारी पडलं. म्हणजे रोग रसातून जातो हे कळलं. या रोगाला मोझॅक हे नावही त्यांनीच दिलं. १८९२ साली रशियात दिमित्री इवानोव्स्की यांनी तो रस अगदी बारीक गाळणीतून गाळला. ती गाळणी इतकी बारीक की जिवाणूही पलीकडे जाऊ नयेत. तरी गाळलेल्या रसाने रोग झालाच! १८९८ साली हॉलंडच्याच मार्टिनस बायरिंक यांनी सांगितलं की हा जिवाणू नाही, हे काहीतरी वेगळंच आहे. त्याला त्यांनी व्हायरस म्हटलं. म्हणजे मैत्रिणींनो, कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेला हा शब्द आजच्या अर्थाने रुळला, तो तंबाखूच्या पानावरून.

पुढे १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी या विषाणूचे स्फटिक केले, मिठाचे किंवा साखरेचे करतात तसे. त्यांना वाटलं, हे नुसतं प्रथिन आहे. पण पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॉडन आणि पिरी यांनी दाखवलं की त्यात शंभर भागांतले पाच-सहा भाग वेगळे आहेत. ते पाच-सहा भाग म्हणजे आरएनए.

आरएनए म्हणजे काय? एक लांबच लांब माळ समजा. तिच्यात चारच प्रकारचे मणी आहेत. पण कुठल्या मण्यानंतर कुठला मणी, हा क्रम ठरलेला आहे आणि त्या क्रमातच निरोप लिहिलेला आहे. विषाणूला स्वतःची चूल नाही, भांडी नाहीत, शिधा नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि आपली चिठ्ठी तिथे ठेवतो. पेशी बिचारी चिठ्ठी वाचते आणि आपल्याच शिध्यातून विषाणूचा स्वयंपाक करू लागते. एका विषाणूचे हजारो होतात आणि पेशीचं स्वतःचं काम राहून जातं. ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. कोरोनाच्या विषाणूत आरएनएच आहे, पोलिओच्या विषाणूतही आरएनएच आहे.

पण १९५० सालापर्यंत ही चिठ्ठी विषाणूत कुठे ठेवलेली असते, कशी गुंडाळलेली असते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काही जाणकारांचा अंदाज होता की ती मधोमध असेल. गजऱ्यात कसं, दोरा मध्ये आणि फुलं भोवती, तसं.

आता आपल्या बाईंकडे येऊ.

रोझालिंड फ्रँकलिन यांचा जन्म २५ जुलै १९२० चा. लंडनमधलं खातंपितं ज्यू घराणं. १९३८ साली त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात गेल्या. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ मुलींना शिकू देई, परीक्षेला बसू देई, पण मुलांसारखी पूर्ण पदवी देत नसे. ती मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. तोवर शिकलेल्या मुलींनी परीक्षा तीच दिली, पेपर तोच सोडवला, पण पदवी नावापुरती.

दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ पासून रोझालिंडबाई कोळशावर काम करू लागल्या. कोळसा दिसायला भरीव दिसतो, पण त्याच्या आत डोळ्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात. ती किती असतात, केवढी असतात, तापवल्यावर त्यांचं काय होतं, हे त्यांनी मोजलं. त्यावरच १९४५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९४७ ते १९५० त्या पॅरिसला होत्या. तिथे त्या एक विद्या शिकल्या, तीच त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली. ती म्हणजे क्ष-किरणांनी वस्तूच्या आतली रचना ओळखणं.

ही विद्या समजायला अवघड नाही. रात्री बारीक विणीच्या पातळ कापडातून किंवा छत्रीच्या कापडातून लांबच्या एका दिव्याकडे बघा. दिवा एकच असतो, पण त्याच्या आजूबाजूला फुलीसारखे ठिपके दिसतात. विण बदलली की ठिपक्यांची मांडणी बदलते. म्हणजे ठिपके नीट मोजता आले तर कापडाला हात न लावता त्याची वीण सांगता येईल. क्ष-किरणांनी तेच करतात. वस्तूवर क्ष-किरण सोडायचे आणि पलीकडे फिल्मवर ठिपके उमटवायचे. मग त्या ठिपक्यांवरून आकडेमोड करून आतली रचना सांगायची. तेव्हा आजच्यासारखे संगणक नव्हते. एकेका फोटोला तास न् तास, कधी दिवस लागत. पुढे हिशेबाला महिने जात.

१९५१ च्या जानेवारीत त्या लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएवर काम करायला आल्या. तिथे मॉरिस विल्किन्स नावाचे शास्त्रज्ञ आधीपासून होते. काम कुणाच्या हाताखाली, कुणाचं किती, हे वरिष्ठांनी दोघांना नीट सांगितलंच नव्हतं. त्यामुळे दोघांचं कधी जमलं नाही. १९५२ च्या मे महिन्यात रोझालिंडबाईंच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी डीएनएचा एक फार स्पष्ट फोटो काढला. १९५३ च्या जानेवारीत विल्किन्स यांनी तो फोटो केंब्रिजच्या जेम्स वॉटसन यांना दाखवला, रोझालिंडबाईंच्या परस्पर. त्यांच्या मोजमापांचा एक अहवालही केंब्रिजला पोचला होता. एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना जाहीर केली. १९६२ साली वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं. तोवर रोझालिंडबाई हयात नव्हत्या आणि नोबेल मृत माणसाला देत नाहीत. आणखी सहा वर्षांनी वॉटसन यांनी पुस्तक लिहिलं, त्यात या बाईंचं चित्र तिरसट, हेकेखोर असं रंगवलं. उत्तर द्यायला त्या नव्हत्याच.

इथे बहुतेक जण गोष्ट थांबवतात. पण १९५३ च्या मार्चमध्येच त्या किंग्ज कॉलेज सोडून निघाल्या होत्या. त्यानंतर तिथल्या प्रमुखांनी त्यांना लेखी कळवलं की यापुढे डीएनएवर काम करायचं नाही, त्याचा विचारसुद्धा करायचा नाही. विचार करू नको असं पत्राने सांगता येतं का, मैत्रिणींनो? पण त्यांनी तिथल्या कामाचे राहिलेले निबंध लिहून पुरे केले आणि नव्या जागी नवं काम हातात घेतलं.

ही नवी जागा म्हणजे लंडनचंच बर्कबेक कॉलेज. दिवसा नोकरी करणाऱ्या लोकांना संध्याकाळी शिकवणारं हे कॉलेज. तिथले प्रमुख प्राध्यापक जे. डी. बर्नाल यांनी तंबाखूच्या या विषाणूवर युद्धाच्या आधी क्ष-किरणांचं काम केलेलं होतं. प्रयोगशाळा होती जुन्या राहत्या घरात. रोझालिंडबाईंची खोली अगदी वर, आणि क्ष-किरणांचं यंत्र तळघरात. दिवसातून किती वेळा चढउतार होत असेल, ते तुम्हीच मोजा! किंग्ज कॉलेजच्या मानाने जागा साधी, सोयी कमी. पण इथे काम त्यांचं होतं आणि माणसंही त्यांच्या जोडीने काम करणारी होती. १९५४ साली आरन क्लुग हे दक्षिण आफ्रिकेत वाढलेले तरुण शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर काम करू लागले. पुढच्या वर्षी केनेथ होम्स आणि जॉन फिंच हे विद्यार्थी आले. चौघांचा गट जमला.

आपल्या बचत गटात कसं, एकीला हिशेब चांगला येतो, दुसरीला बाजार कळतो, तिसरी बँकेत बोलते. इथेही तसंच झालं. रोझालिंडबाईंचा हात प्रयोगात बसलेला होता. नमुना तयार करणं, नळीत भरणं, सरळ रेषेत लावणं, फोटो काढणं, यात त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. क्लुग यांचं गणित पक्कं. अमेरिकेतल्या बर्कले आणि जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथे याच विषाणूवर काम करणारे गट होते, त्यांच्याशीही बाईंनी मैत्री ठेवली, नमुन्यांची देवाणघेवाण केली.

पहिलं काम त्यांनी लांबीचं केलं. हा विषाणू काठीसारखा असतो. अशा सुमारे तीन हजार तीनशे काठ्या टोकाला टोक लावून ठेवल्या, तर कुठे एक मिलिमीटर भरेल. १९५५ साली रोझालिंडबाईंनी छापलं की या सगळ्या काठ्यांची लांबी एकसारखी असते. नॉर्मन पिरी यांना ते पटलं नाही. हे तेच पिरी, ज्यांनी विषाणूत आरएनए असल्याचं दाखवलं होतं. विषाणूंच्या शास्त्रात त्यांचा दबदबा मोठा. त्यांनी बाईंना खरमरीत पत्र लिहिलं. ज्या शेती संशोधन परिषदेच्या पैशावर बाईंचं काम चालत होतं, तिथेही पिरी यांच्या शब्दाला वजन होतं. पुढे अनुदानासाठी बाईंना फार झगडावं लागलं. आपला पगार आपल्या अनुभवाला साजेसा नाही, हेही त्यांनी वरिष्ठांना स्पष्ट सांगितलं. शेवटी अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेकडे अर्ज केला आणि तिथून तीन वर्षांचं अनुदान मिळालं. लांबीच्या बाबतीत पुढे बाईंचंच म्हणणं बरोबर ठरलं.

दुसरं काम चिठ्ठी शोधण्याचं. यासाठी त्यांनी केलेली युक्ती ऐकण्यासारखी आहे. या विषाणूचं प्रथिन वेगळं काढलं आणि योग्य परिस्थितीत ठेवलं, तर ते आरएनए नसतानाही पुन्हा काठीसारखं रचलं जातं. म्हणजे दोन प्रकारच्या काठ्या हाताशी आल्या. एकीत चिठ्ठी आहे, दुसरीत नाही. बाकी दोन्ही सारख्या. बाईंनी दोन्हींचे क्ष-किरण फोटो काढले आणि हिशेब करून एकमेकांशी ताडून पाहिले. जिथे फरक दिसला, तिथे आरएनए! धान्याची भरलेली पाटी आणि रिकामी पाटी तोलून आपण धान्याचं वजन काढतो, त्यातलाच हा प्रकार. पण इथे नुसतं किती एवढं न कळता कुठे हेही कळलं.

१९५६ साली हे उत्तर छापून आलं. त्याच वेळी अमेरिकेतले डोनाल्ड कॅस्पर यांनी स्वतंत्रपणे काढलेलं मोजमापही शेजारीच छापलं गेलं. दोन्ही एकत्र पाहिल्यावर शंका उरली नाही.

उत्तर काय होतं? हा विषाणू आपल्या जुन्या विहिरीच्या गोल बांधकामासारखा आहे. प्रथिनाच्या विटा गोलाकार रचलेल्या, आणि गोल जिन्यासारखा प्रत्येक थर पुढच्या थरात चढत जातो. तीन फेऱ्यांत ४९ विटा. सगळ्या मिळून विटा २१०० च्या वर, आणि सगळ्या एकाच साच्यातल्या. मधोमध पोकळी आहे. दोरा मधोमध आहे हा अंदाज चुकीचा ठरला. गजऱ्याचं चित्र पुसून टाका आणि परकराचा नेफा डोळ्यांपुढे आणा. नाडी नेफ्याच्या आतून फिरते, कापडाच्या दोन पदरांमध्ये झाकलेली. तसा आरएनएचा एकच पदर प्रथिनाच्या विटांमधल्या खाचेतून गोल गोल फिरत वर जातो. एकेका विटेच्या कुशीत या माळेचे तीन मणी. सगळे मिळून सुमारे ६४०० मणी.

आता सुरुवातीचा प्रश्न आठवा. वाळलेल्या तंबाखूत हा विषाणू वर्षानुवर्षं कसा टिकतो? उत्तर या नेफ्यात आहे. उघडा आरएनए फार नाजूक असतो. आपल्या त्वचेवर, घामात असे पदार्थ असतात की ते उघड्या आरएनएचे बघता बघता तुकडे करतात. पण इथे चिठ्ठीचा एकेक मणी प्रथिनाच्या भिंतीत बसवलेला आहे. म्हणून ती उन्हाळे-पावसाळे काढते.

आणि रोग होतो तो चिठ्ठीमुळेच, वरच्या प्रथिनामुळे नाही, हेही त्याच सुमारास नक्की झालं. १९५६ साली ट्युबिंगेनला गियरर आणि श्राम यांनी आणि बर्कलेला हाइन्झ फ्रेंकेल-कॉन्राट यांनी दाखवलं की नुसत्या आरएनएनेही रोग होतो. १९५७ साली फ्रेंकेल-कॉन्राट आणि बिआट्रिस सिंगर या बाईंनी एका वाणाच्या विषाणूची चिठ्ठी दुसऱ्या वाणाच्या प्रथिनात घातली. पुढची पिढी निपजली ती चिठ्ठीच्या वाणाची. अंगरखा कुणाचाही असो, चिठ्ठी ज्याची, पिढी त्याची.

बर्कबेकच्या पाच वर्षांत रोझालिंडबाईंच्या नावावर विषाणूंचे १७ शोधनिबंध जमा झाले. त्यांतले बरेच त्या आजारी असतानाचे आहेत. या आजाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते आपल्या कामाचं आहे.

१९५६ च्या उन्हाळ्यात त्या अमेरिकेच्या दौऱ्यावर होत्या. वय ३६. तिथे त्यांच्या लक्षात आलं की पोट फुगलंय, स्कर्ट कमरेला बसत नाही. परत आल्यावर तपासणी झाली. सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, पोटातून दोन गाठी निघाल्या. बीजकोशाचा कर्करोग होता. पुढची दीड वर्षं त्या दवाखाना आणि प्रयोगशाळा यांच्यात ये-जा करत राहिल्या. मधे मधे बरं वाटे, तेव्हा त्या लगेच कामाला लागत.

मैत्रिणींनो, बीजकोशाचा कर्करोग लवकर ओळखू येत नाही. पोट फुगतं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं होतं, ओटीपोटात दुखतं, वरचेवर लघवीला जावं लागतं. बाईला वाटतं, गॅस झाला, वय झालं, पाळीचं काहीतरी असेल. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण हे त्रास नव्याने सुरू झाले आणि दोन-तीन आठवडे थांबलेच नाहीत, तर अंगावर काढू नका. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात जाऊन तपासून घ्या.

आजारपणातच रोझालिंडबाईंनी एक नवं आणि धोक्याचं काम काढलं. पोलिओचा विषाणू! तंबाखूच्या विषाणूने माणसाला काही होत नाही, पण पोलिओने मुलं लुळी होतात. अमेरिकेत साल्क यांची लस १९५५ साली आली होती, पण पोलिओची भीती अजून घराघरांत होती. बर्कले इथल्या शास्त्रज्ञांनी पोलिओच्या विषाणूचे स्फटिक केले होते. तसे स्फटिक लंडनला आणून त्यांची रचना पाहायची असं ठरलं. इमारतीतले लोक घाबरले, ते साहजिकच होतं. तरी काम सुरू झालं.

पुरं व्हायला मात्र बाईंना वेळ मिळाला नाही. १६ एप्रिल १९५८ रोजी त्या गेल्या. वय अवघं ३७. दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, बेल्जियममध्ये ब्रसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं. तिथल्या विज्ञान दालनात तंबाखूच्या विषाणूची मोठी प्रतिकृती उभी होती. ती त्यांच्याच गटाने तयार केलेली. जगभरचे लोक येऊन विषाणू आतून कसा दिसतो ते पाहत होते.

पोलिओचं काम फिंच आणि क्लुग यांनी पुढे नेलं. १९५९ साली त्यांनी पोलिओच्या विषाणूची रचना छापली आणि तो निबंध रोझालिंडबाईंच्या स्मृतीला अर्पण केला. या विषाणूचं कवच काठीसारखं नाही, गोल चेंडूसारखं आहे. पण तिथेही तेच तत्त्व आहे. एकाच साच्यातले तुकडे ठरलेल्या पद्धतीने जोडलेले, आणि त्यांच्या आत आरएनएची चिठ्ठी.

क्लुग यांनी हे काम आयुष्यभर केलं. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या आणि इतर गटांच्या कामातून हेही कळलं की तंबाखूच्या विषाणूची ही नाडी नेफ्यात जाते कशी. आरएनएच्या धाग्याचा एक ठरावीक भाग स्वतःवर दुमडून केसांच्या पिनेसारखा आकडा तयार करतो. हा आकडा प्रथिनाच्या चकतीच्या मधल्या भोकातून आत शिरतो आणि तिथून नाडी ओवली जाते. आपण नाडीला पिन लावून ओवतो, आरएनए स्वतःचीच पिन करतो! म्हणजे आरएनएमध्ये नुसता मण्यांचा क्रम महत्त्वाचा नाही. तो कुठे दुमडतो, कुठे आकडा घेतो, यालाही अर्थ आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत विषाणूंच्या आरएनएचे हे आकडे, हे दुमडे शोधण्याचं काम चालू आहे.

१९८२ साली क्लुग यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथल्या भाषणात त्यांनी सांगितलं की मला विषाणूंच्या अभ्यासात आणलं ते रोझालिंड फ्रँकलिन यांनी, आणि त्यांचं आयुष्य असं अकाली संपलं नसतं तर त्या कदाचित या जागी याआधीच उभ्या राहिल्या असत्या.

आता कुणी विचारेल, यातून आपल्याला काय मिळालं? खरं तेच सांगतो. पोलिओची लस रोझालिंडबाईंनी बनवली नाही. पोलिओ गेला तो लशीमुळे. आपल्या देशात दारोदार फिरून दोन थेंब पाजणाऱ्या अंगणवाडी ताई, आशाताई आणि परिचारिकांमुळे, आणि बाळाला बूथवर घेऊन येणाऱ्या आयांमुळे तो गेला. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण शत्रूशी लढताना त्याच्या घराचा नकाशा हाताशी असावा लागतो. विषाणूच्या घराचा असा नकाशा काढायची वाट ज्यांनी पाडली, त्यांत रोझालिंडबाई पुढे होत्या.

कोरोनाच्या काळात आपल्या नाकात काडी घालून आरटीपीसीआर तपासणी केली, ती आठवते ना? त्या काडीवर विषाणूचा आरएनएच शोधत होते. कोरोनाच्या चिठ्ठीत सुमारे ३०,००० मणी आहेत, पोलिओच्या चिठ्ठीत साडेसात हजारांच्या आसपास. आणि काही नव्या लशी तर आरएनएच्याच आहेत. चिठ्ठीचा एक छोटा, निरुपद्रवी तुकडा शरीराला देऊन आधीच सावध करायचं. त्यात अडचण तीच, उघडा आरएनए टिकत नाही. म्हणून त्याला स्निग्ध पदार्थाचं आवरण देतात आणि थंडीत ठेवतात. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवलेल्या अशा लशीला जून २०२२ मध्ये आपल्या देशात परवानगी मिळाली. साध्या लशीच्या फ्रीजमध्ये राहील अशी ती केलेली आहे. चिठ्ठी सांभाळायची कशी, हा प्रश्न तंबाखूच्या पानापासून लशीच्या बाटलीपर्यंत एकच आहे.

रोझालिंडबाईंवर अन्याय झाला, ते विसरायचं नाही. हक्काचं श्रेय मागितलंच पाहिजे. पण नुसती तेवढीच गोष्ट सांगितली की होतं काय, त्या बाई फक्त एका हरवलेल्या फोटोच्या मालकीण उरतात. बर्कबेकच्या जिन्यावरून रोज चढउतार करत केलेली पाच वर्षं, अनुदानासाठी लिहिलेले अर्ज, जमवलेला गट, १७ निबंध, हे सगळं झाकलं जातं. आपल्या गावातही असं होतं. एखाद्या बाईचं नाव निघालं की तिला नवऱ्याने कसं टाकलं, दिरांनी जमीन कशी लाटली, हे सगळे सांगतात. त्यानंतर तिने शेळ्या कशा वाढवल्या, कर्ज कसं फेडलं, मुली कशा शिकवल्या, हे कुणी मोजत नाही.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एक करा. आपल्या गावातल्या अशा एका बाईचं काम लिहून काढा. तिच्यावर काय गुदरलं ते एका ओळीत लिहा आणि तिने काय उभं केलं ते पानभर लिहा. साल, आकडे, नावं घालून लिहा. जमल्यास तिला विचारूनच लिहा. तुमची पानं आमच्याकडे पाठवलीत तर आम्ही ती कार्यक्रमात वाचून दाखवू.

आणि शेतातलं एक काम. टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावण्याआधी, पुनर्लागवडीआधी, शेंडे खुडण्याआधी साबणाने हात धुवा. कामाच्या वेळी तंबाखू मळू नका, मळणाऱ्या गड्यालाही हात धुवायला लावा. डाग पडलेलं रोप दिसलं तर ते उपटून लांब टाका आणि मग पुन्हा हात धुऊनच पुढच्या रोपाकडे जा.